भाला कुठपर्यंत जायचा

"वाईच थांबा मास्तर, वारं पडू द्या," असं म्हणून तो भाला खांद्याशी धरायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. सगळा वर्ग खोळंबायचा. मग एकाएकी धाव घ्यायचा. तुम्ही त्याला फेकताना पाहायला हवं होतं. भाला हातातून कधी सुटला ते कळायचंच नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी बारामतीच्या शाळेत ड्रिल शिकवायचो. तो इंदापूरकडच्या मेंढपाळाचा मुलगा. शिक्षणासाठी काटेवाडीला मामाच्या मळ्यात राहायचा. भाला कसला, लोहाराकडून टोक बसवून आणलेला बांबू. पहिल्याच फेकीला, लांब खेळत बसलेली पोरं उठून पळाली. हा मलाच विचारतोय, "चुकलं का काय, मास्तर?"

इंदापूरच्या सामन्यांत तो जिंकला. पुण्यालाही पहिला आला. बक्षीस देणाऱ्या साहेबाने हात पुढे केला, तर हा गोंधळून त्याच्या पायाच पडला. मुंबईसाठी त्याची निवड झाली. परतताना सारखं एकच, "मुंबईचं मैदान आपल्यापरास मोठं असंल न्हवं?"

दसऱ्यानंतर त्याचे वडील शाळेत आले. थोरला मुलगा पाय मोडून घरी पडला होता आणि कळप कोकणात न्यायचा होता.

"आबा, मुंबईचे सामने होईपर्यंत तरी राहू द्या याला," मी म्हणालो.

"मेंढरं थांबत न्हाईत, मास्तर. हितं चारा न्हाय."

 ते मुलाकडे नुसते बघत राहिले. शेवटी तोच म्हणाला, "जातो मास्तर. मिरगाच्या आदी म्हागारी येतो. मुंबईला फुडल्या साली जाऊ."

मृगाच्या आधी कळप परतला. तो आला नाही. कोकणातल्या तापाने पाहता पाहता त्याला नेलं होतं.

ते सांगायला आबा स्वतः आले. सांगून झाल्यावर जायला उठले. मग म्हणाले, "म्या त्येला फेकताना कदी बगितलंच न्हाय. कुठपत्तूर जायाचा त्येचा भाला?"

मी त्यांना मैदानावर नेलं. फेकायच्या रेषेपासून ते चालू लागले. थोडं जाऊन वळले.

"हितं?"

"अजून पुढं, आबा."

पुन्हा थांबले. "हितं?"

"अजून पुढं."

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. चालतच राहिले. भाला पडायचा ती जागा मागे पडली, तरी मी त्यांना हाक मारली नाही.