दाजींचा कान

दाजी मिस्त्री गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसत. गॅरेजसमोर गाडी उभी केली की हात पुसत पुसत यायचे, चपला बाहेर काढून शेजारच्या सीटवर बसायचे, काच खाली करायचे आणि म्हणायचे, "चला, नाचणे गावच्या रस्त्याला घ्या. आनि बोलू नका." मग डोळे मिटून घ्यायचे. त्या रस्त्याच्या डाव्या अंगाला एका बागेचा चिऱ्याचा लांबलचक गडगा, म्हणजे दगडी कुंपणाची भिंत, होती. त्याला अगदी लागून गाडी चालवायची, कारण गडगा आवाज परत देतो, असं त्यांचं म्हणणं. खाडीवरच्या भाट्याच्या पुलावर त्यांनी मला कधी नेलं नाही. तिथे गाडीपेक्षा वाराच जास्त बोलतो म्हणे. दहा मिनिटांनी डोळे उघडून निकाल सांगायचे, "मागच्या डाव्या बाजूचा रबरी बुश गेलाय. बाकी बाई धडधाकट हाय." चाक काढलं की बुश गेलेला असायचाच. रत्नागिरीतली अर्धी माणसं त्यांना दाजींऐवजी कानसेन म्हणत, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

मी जिल्हा परिषदेत कारकून. आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली तेव्हा शोरूममधून निघालो तो थेट दाजींकडे, पेढे घेऊन. त्यांनी पेढा घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिल्या सर्व्हिसिंगचा विषय काढताच हात मागे घेतले. "वॉरंटी हाय तवर गाडी माहेरची. तीन वरसं त्यांच्याकडंच न्या. पुस्तकात शिक्के पडू देत. मी मदीच हात लावला नि उद्या काय झालं, तर ते म्हनतील बाहेरच्यानं बिघडवलं." दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा मिस्त्री मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तर तीन वर्षं मी हायवेवरच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात होतो. काचेच्या भिंती, थंडगार हवा, कॉफीचं मशीन, मोठ्या आवाजात चाललेला टीव्ही. आपली गाडी आत नेतात आणि आपण बाहेर बसतो, पेशंटच्या नातेवाइकासारखे. मग एक चुणचुणीत मुलगी लांबलचक यादी घेऊन येते. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे टिकमार्क. वायपर बदलायचे का, एसीची सफाई करायची का, खाऱ्या हवेसाठी खालून कोटिंग मारायचं का. मी भिडस्त. समोरच्याचं मन मोडणं मला जमत नाही. पहिल्या वर्षी मी सगळ्याला हो म्हणून आलो आणि घरी आमच्या सौभाग्यवतींनी माझी सर्व्हिसिंग केली.

चौथ्या वर्षी गाडी दाजींकडे आली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दाजी कंपनीला नावं ठेवत नसत. लालबागच्या टॅक्सी गॅरेजात त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती, सगळे धंदे पाहिले होते. एवढंच म्हणायचे, "त्यांच्याकडं यादी हाय, माज्याकडं कान हाय. ज्याची तक्रार नाय त्याला मी हात लावत नाय." चांगलं चाललेलं चाक उगाच खोललं तर ते रुसतं, असा त्यांचा सिद्धांत. जुना पार्ट बदललाच तर तो वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचे. आमच्या माळ्यावर असली चार-पाच पुडकी अजून आहेत.

बायकोला दाजी आवडत, पण तिचा कानावर विश्वास नव्हता. ती संगमेश्वरकडच्या शाळेत शिकवते, रोज निवळीचा घाट उतरते. "माणूस देवमाणूस आहे, कबूल. पण ब्रेक लावताना मी कान नाही लावत, पाय लावते," असं ती म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो.

दिवाळीनंतर एक दिवस ती म्हणाली, घाटात ब्रेक दाबला की बारीक आवाज येतो. मी गाडी घेऊन दाजींकडे गेलो. ते बसले, काच खाली केली, डोळे मिटले. गडग्याजवळ मी ब्रेक दाबला आणि मला तो आवाज स्वच्छ ऐकू आला, पाटीवर नख ओढावं तसा. पुन्हा दाबला, पुन्हा आला. दाजींचा चेहरा मात्र शांत. परत आल्यावर म्हणाले, "काय नाय. मस्त गात्येय. चाक खोलायची गरज नाय." मी त्यांच्याकडे पाहिलं. 'दाजी, आवाज येतोय हो,' एवढी चार शब्दांची गोष्ट. पण त्यांना ते सांगणं म्हणजे भरल्या मांडवात भटजींना मंत्र चुकला असं सांगणं. मी "बरं" म्हणालो आणि गाडी घरी आणली.

दोन दिवसांनी बायकोने मला न विचारता गाडी कंपनीत नेली आणि मागाहून मला बोलावलं. त्या यादीवाल्या मुलीने ट्रेमधून ब्रेकची पॅडं आणून दाखवली. झिजून नखाएवढी उरली होती. दाजींना इंजिनाची घरघर ऐकू येत होती, माझं बोलणं ऐकू येत होतं, फक्त बारीक आवाज त्यांच्या कानातून कधीच निघून गेले होते, आणि त्याचा त्यांना पत्ता नव्हता. घरी येताना बायको म्हणाली, "सांगा त्यांना. तुमच्यासारखी बाकीची माणसंही त्यांच्या भरवशावर घाट उतरतात." मी म्हटलं, "सांगतो."

सांगितलं नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, माझ्या बाबतीत ती सख्खी थोरली बहीण. मी दाजींचा रस्ताच टाळू लागलो. मारुती मंदिराकडून वळसा घालून ऑफिसला जायचो आणि रोज ठरवायचो की उद्या नक्की. असे चार महिने गेले.

शिमग्याच्या आधी नेमका दाजींच्या कोपऱ्यावर टायर बसला. स्टेपनी घालायला त्यांनी चाक काढलं आणि आत बघत तसेच उकिडवे बसून राहिले.

"ही पॅडं माज्या हातची नायत."

"कंपनीत घातली," मी म्हणालो.

"कदी?"

"दिवाळीनंतर."

"म्हंजे आपन गडग्याला फिरून आलो त्याच्यानंतर." त्यांनी पॅडवरून बोट फिरवलं. "त्या दिवशी आवाज येत होता?"

"थोडासा."

"तुमाला ऐकू येत होता?"

मी जमिनीवरच्या पान्याकडे बघत हो म्हणालो. दाजी रागावले नाहीत. स्टेपनी चढवली, एकेक नट आवळला, पाय देऊन पुन्हा आवळला. मग फडक्याने हात पुसत म्हणाले, "चार महिन्यांत किती गाड्या गेल्या माज्या हातून, सांगा बगू."

दुसऱ्या दिवसापासून गॅरेजचं शटर खाली. गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेली वही घेऊन दाजींनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. फोनवर नीट ऐकू येईना तेव्हा स्कूटरने घरोघरी गेले. प्रत्येकाला एकच सांगणं, "माजा कान गेलाय. गाडी कंपनीत न्या, ब्रेक खोलून बगून घ्या." काहींना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. जे टाळाटाळ करत, त्यांच्याबरोबर ते स्वतः सर्व्हिस सेंटरला जात. मी रजा टाकली आणि त्यांना ने-आण करू लागलो. त्यांनी नको म्हटलं नाही. ते शटर पुन्हा उघडलं नाही. आता दाजी गुहागरला लेकीकडे असतात, सुपारीच्या बागेत. पण मला सांगायचंय ते पाचव्या दिवसाचं.

तोवरच्या गाड्या ठीक निघाल्या होत्या. त्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये आत गेली होती एका खेड्यातल्या शाळेची व्हॅन. दाजींनी तिला पौषात 'काही नाही' म्हणून सोडलं होतं. ती यादीवाली मुलगी ट्रे घेऊन आली. पॅडं झिजून पार पत्र्यावर गेली होती. दाजींनी एक पॅड उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत ट्रेमध्ये ठेवलं. समोरची कॉफी तशीच निवत राहिली.

मी शेजारी बसलो होतो. त्या व्हॅनमधून किती पोरं जात असतील याचा हिशेब मला करवत नव्हता. मी हळूच म्हणालो, "दाजी, मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"काय?"

टीव्ही चालू होता. मी थोडं मोठ्याने म्हणालो. त्यांनी कानामागे हात धरला. "नाय ऐकू येत. मोट्यानं बोला."

खोलीत दहा-बारा माणसं होती. त्यातली निम्मी ओळखीची. सबंध नोकरीत मी साहेबांसमोर कधी आवाज चढवला नाही. मी उभा राहिलो आणि जेवढ्या मोठ्याने बोलता येईल तेवढ्या मोठ्याने बोललो, "दाजी, तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे."

काउंटरवरच्या मुलीने कानाचा फोन खाली ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते. दाजीही बघत होते. मग त्यांनी मान हलवली.

"हां. पोचलं," ते म्हणाले, आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. "बसा आता. अजून तीन गाड्या बगायच्या हायत."