तकलादू रावण

माझी नऊ डोकी मोखाड्याच्या बोहाड्यात पडली. दहावं शाबूत राहिलं, पण ते कधीच फारसं कामाचं नव्हतं.

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा सोंगांचा उत्सव. देवादैत्यांचे मुखवटे बांधून संबळाच्या तालावर नाचायचं. आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या रावण. (घराण्याचा मान आहे, हसू नका!) यंदा लाकडी मुखवट्याला वाळवी लागली आणि जव्हारच्या शाळेत मराठी शिकवणारा मी "नवा मीच करतो" म्हणून बसलो. थर्माकोल, पुठ्ठा, गोंद, सोनेरी कागद. काय देखणा झाला होता!

काकांनी रावणाचा एक कान दाबून पाहिला. "तकलादू हाये."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण शब्द दिसला की मला राहवत नाही.

"काका, तकलादू हा शब्द मूळचा अरबी. अर्थ, नक्कल. मुखवटा ही रावणाची नक्कलच, म्हणजे तो तकलादू असायलाच हवा!"

"मंग लाकडाचा व्हता तो काय खरा रावण व्हता?"

"तोही तकलादूच. पण टिकाऊ तकलादू."

"टाकला की तुटतो, म्हणून तकलादू," आतून बायकोनं आपली व्युत्पत्ती दिली.

काका कपाळाला हात लावून बसले. "मास्तर, शब्दाचं राहू दे. नाचताना डोकी पडली तं पंच सोंग दुसऱ्या घराला देतील!"

आपण मुखवट्याची बाजू घेतली की त्याला नावं ठेवली, हे एव्हाना माझं मलाच कळेना.

उत्सवात ऊन चढल्यावर माझी पाळी आली. संबळ घुमला. मी पहिली गिरकी घेतली आणि घामानं गोंद सुटला! उजवीकडचं डोकं थेट गर्दीत.

"रामाचा बाण लागला!" कुणीतरी ओरडलं.

"पन राम कुठं हाये?"

राम टपरीवर भजी खात होता. तो भरल्या तोंडानं धनुष्य घेऊन धावत आला. "मी अजून मारलाच नाय!" असं तो शपथेवर सांगू लागला. सनईवाल्यानं युद्धाची चाल धरली, संबळवाल्यानं मरणाची. मी तोल सावरायला डावीकडे झुकलो, तर तिकडची सगळी ओळच निखळली. लोक डोकी उचलून देत होते आणि मी ती छातीशी कवटाळून नाचत होतो. (रावणाला वीस हात का लागतात, ते मला तेव्हा कळलं!) पाहता पाहता उजवीकडचीही सगळी गेली.

संबळ थांबला. पंचांतले सर्वांत म्हातारे आजोबा उठले. पिढ्यांचा मान माझ्या गोंदापायी जाणार!

"कोन हाये रं आत?" आजोबांनी विचारलं.

बायको तोंड उघडणार, तेवढ्यात काका पुढे झाले.

"आमच्या घरचा नाय! आमच्या घरचा असता तं असा नाचला असता का? भाड्यानं आनलेला गडी हाये, शहरातला."

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तरीच!" ते म्हणाले आणि सोंग आमच्याच घराकडे राहिलं.

घराण्यासाठी माझ्या हातून झालेली एकमेव मोलाची कामगिरी म्हणजे मी मुखवटा न काढता जव्हारची पहिली जीप धरली.