सिद्धेश्वरचं धरण, म्हशीचा चीक आणि मामांचा हात

सिद्धेश्वर धरण बघायचंय, हे माझं रडगाणं दोन हिवाळे चाललं होतं. शेवटी मैत्रीण विद्या वैतागून म्हणाली, "माझ्या मामांचं गाव धरणाला लागूनच आहे. जा, राहा आणि एकदाची गप्प बस." तिला सुट्टी नव्हती, म्हणून मी एकटीच निघाले.

नांदेडहून हिंगोलीची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीची जागा जास्तच गोड लागते. आखाडा बाळापूरला गाडी थांबली की उतरून गरम भजी खा, सोबतची तळलेली मिरची मात्र जपून. हिंगोलीहून औंढा आणि तिथून पुढे काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घड्याळाकडे बघू नका.

विद्याचे गंगाधरमामा माणूस मितभाषी, मामी तितक्याच बोलक्या. म्हैस नुकतीच व्याली होती. इथे पहिला चीक एकट्यानं खायची पद्धत नाही. मामींनी गल्लीत घरोघरी वाटी पोचवली होती. माझ्यासाठी खरवसाच्या वड्या राखून ठेवल्या होत्या. गूळ-वेलदोड्याच्या त्या वड्यांवर मी पाहुणी असल्याचं विसरून ताव मारला. मग धरणाच्या भिंतीवरून पाणी, होड्या आणि परतणारे बगळे बघत दिवस मावळेपर्यंत बसले. खरं सांगते, एवढ्यावरच परतले असते तरी पैसे वसूल होते.

घरी आले तर म्हैस लाळ गाळत होती. घशातून घोगरा आवाज काढत होती. पाण्याची बादली पुढे ठेवली तर तोंड घाली, पण घोट उतरेना.

"धाट अडकलं असंल घशात," मामा म्हणाले. धाट म्हणजे ज्वारीचा वाळका दांडा. मी बॅटरी धरली आणि मामांनी कोपरापर्यंत हात म्हशीच्या तोंडात घातला. काहीच सापडलं नाही. दात लागून बोटं तेवढी खरचटली. त्यांनी हात धोतराला पुसला आणि आम्ही जेवायला बसलो.

सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. लांबूनच बघून त्यांनी विचारलं, "कुत्रं चावलं होतं का हिला?"

मामींना आता आठवलं. मागे एक मोकाट कुत्रं गोठ्यात शिरून म्हशीच्या नाकाला डसलं होतं. जखम भरली, सगळे विसरले. दुपारपर्यंत म्हैस गेली. पिसाळली होती.

मग गल्लीत एकच गोष्ट: आपण चीक खाल्लाय. बायका लेकरांना उराशी धरून दारात आल्या. सगळ्यात जास्त वड्या माझ्याच पोटात होत्या. मामांनी टेम्पो आणला आणि एकेकाला हात देऊन वर चढवलं.

"तुमी न्हाई येत?" मी विचारलं. बोलता बोलता मलाही तिकडची बोली लागली होती.

"मला कुठं कुत्रं चावलंय? आदी लोकांचं होऊ द्या. माझ्या जनावरापायी साऱ्यांला तकलीफ." त्यांची मान काही वर होईना.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "चीक कच्चा खाल्ला की शिजवून?"

"वाफवून," सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

"मग घाबरू नका. उकळलं-वाफवलं की रेबीजचा हा विषाणू टिकत नाही. कच्चा कोणी चाखला असेल तर सांगा. आणि म्हशीच्या तोंडात हात कोणी घातला होता? लाळ लागली होती कोणाला?"

मला बॅटरीच्या उजेडातला तो हात दिसला. सगळी गल्ली रांगेत उभी होती आणि ज्याला खरा धोका होता तो रिकाम्या गोठ्यापाशी बसला होता. मी फोन लावला, तर मामा ऐकेनात. "साऱ्यांचं झाल्यावर येतो," एवढंच.

शेजारच्या म्हाताऱ्या सुभद्राबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "गंगाधर, काहून जीव घेऊन राहिला रं आमचा? तुझ्या घरचं गोड आमी खाल्लं, अन तुला काई झालं तर ते पचंल का आमाला? बस गाडीवर अन ये."

मामा कुणाच्या तरी मोटारसायकलवर आले. डॉक्टरीणबाईंनी आधी नळाखाली साबणानं हात धुवायला लावला, पुष्कळ वेळ. मग जखमेभोवती आणि दंडात सुया. टोचता टोचता त्यांनी समजावलं: विषाणू धड जिवंतही नसतो, दुसऱ्याच्या पेशीत शिरला तरच वाढतो. परक्याच्या घरात घुसून त्याच्याच चुलीवर स्वयंपाक मांडणारा पाहुणा, असं मी मनात म्हटलं. रेबीजचा विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे चढतो. तिथे पोचून लक्षणं दिसू लागली, की माणूस हाती लागत नाही. विषाणू वाटेत असेपर्यंत मात्र लस त्याला गाठते. मेंदूत पोचल्यावर पाणी गिळायला गेलं की घसा आवळतो, पुढे पुढे पाण्याची भीतीच बसते. रांगेतल्या बायका कान टवकारून ऐकत होत्या.

तिकडे जाणार असाल तर जरूर जा. बगळे बघायला मोठ्या दुर्बिणीचीही गरज नाही. आणि कुठेही कुत्रं चावलं किंवा अशी लाळ जखमेला लागली, तर साबणानं धुऊन तडक सरकारी दवाखाना गाठा, लस फुकट मिळते. ठरलेली सगळी इंजेक्शनं पुरी करा.

घरी येऊन फोटो लावले, बगळे छान आलेत. पण माझं चित्त मामांच्या बोटांवरच होतं. दर थोड्या दिवसांनी फोन करत राहिले. परवा मामा म्हणाले, "पोरी, इंजेक्शनं सारी झाली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, आता घोर करू नका. पर गल्ली ऐकून न्हाई राहिली. रोज सकाळी कोणी ना कोणी येतं, माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवतं अन तिथंच उभं राहतं."

"मग तुम्ही काय करता?"

"पितो की. तहान नसली तरी सारा तांब्या पितो. त्याबिगर त्यांचे पाय घराकडं वळत न्हाईत."