कूलरचं खुराडं

चार दिवसांत मुंगसाने तीन कोंबड्या नेल्या. उरली ती एक, आणि ती खुडूक होऊन मागच्या पडवीत बारा अंड्यांवर बसलेली. खुडूक कोंबडी पळत नाही. मुंगूस समोर आलं तरी अंडी सोडत नाही. म्हणजे खुराडं हवं होतं, आणि त्याच दिवशी.

मागच्या अंगणात बंद पडलेला लोखंडी कूलर उभा होता. दीर वेगळा निघाला तेव्हा भांड्यांपासून बैलांपर्यंत सगळ्याच्या वाटण्या झाल्या, हा तेवढा राहिला. मी तो ओढायला गेले तर कुंपणापलीकडून दीर ओरडला, "वहिनी, त्याले हात नका लावू. सामाईक हाय तो."

"मोटर काढून नेली तवा नव्हता का सामाईक?"

"मोटर जळेल होती."

"मग जळेल मोटर काऊन नेली, भाऊजी? पूजेले?"

तो म्हणाला, वाटे करा. आमच्याकडे थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, अशी रीत आहे. थोरला म्हणजे माझा नवरा. तो कापूस घेऊन नांदुऱ्याला गेलेला. वाटे मीच पाडले. एकीकडे सांगाडा, दुसरीकडे त्याची जाळीची तीन दारं. मला दारं हवी होती. विटांत उभी केली की काम संपलं असतं. म्हणून सांगाडा धुऊन पुसून ठेवला आणि जाळ्यांतलं कुजकं गवत तसंच राहू दिलं.

दिराने दोन्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वहिनी, तुमी माह्यासाठी कधी तांब्या धुतला नाही. आन् आज कूलर धुता?"

त्याने दारं उचलली. त्यांचं त्याला काडीचं काम नव्हतं. मला दिसतील अशी स्वतःच्या छपरावर फेकली.

सांगाड्याच्या तीन बाजू उघड्या, पुढे पंख्याचं भोक, बूड गंजून गेलेलं. तेलाचा डबा कापून सपाट केला आणि बुडाला ठोकला. सरपणाच्या ढिगातून पऱ्हाटी ओढली, कापसाच्या त्या वाळक्या काड्या उभ्या-आडव्या विणून तिन्ही बाजू बुजवल्या. बांधायला ठिबकची फाटकी नळी. त्यावर शेणमातीचा जाड लेप. वरची वीतभर वीण हवेसाठी तशीच ठेवली. पंख्याच्या भोकावर जुनी परात तारेने टांगली आणि खालूनही तारेने आवळली, तेच दार.

दीर खुर्ची टाकून बघत बसला होता. "हे तं मुंगसाले डबा भरून देल्यासारखं हाय."

"तुमी छपरावर जाऊन जाळ्या राखा," मी म्हटलं.

अंधार पडायच्या आत कोंबडी टोपलीसकट आत ठेवली. लेप ओलाच होता, त्याला इलाज नव्हता.

उजाडताच गेले. तिन्ही बाजूंना ओल्या लेपावर नखांचे ओरखडे. एका कोपऱ्यात शेणमाती पार उकरून काढलेली, पऱ्हाटीच्या दोन काड्या मोडलेल्या, तिसरी शाबूत. तार सोडून परात बाजूला केली आणि अंडी मोजायला हात घातला, तर कोंबडीने अंगठ्याला अशी चोच मारली की रक्त आलं. अंडी बारा, ऊबदार.

पलीकडे दीर तोंडात दातून धरून उभा. "हाय का गेली?"

"हाय," मी म्हटलं, आणि शेण आणायला गेले. दुसरा लेप द्यायचा होता, आणि ऊन वर यायच्या आत दिला तरच तो संध्याकाळपर्यंत वाळणार होता.