प्रत्येकाच्या पायाला चेंडू

चिखलीच्या मैदानावर फिरायला गेलो की पोरांना फुटबॉल शिकवणारी ती बाई दिसायची: साडीखाली बूट, गळ्यात शिट्टी. तिच्या सरावात वाऱ्यासारखी पळणारी पोरं होती, तशीच चेंडू आला की डोळे मिटणारी एक पोरगीही. नियम एकच: प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागल्याशिवाय गोल धरायचा नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी तिच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूनं एकट्यानंच गोल मारला. तिनं तो रद्द केला. त्या पोराचा बाप तावातावानं मैदानात आला.

"मॅडम, या ढ पोरांपायी माह्या पोराले काऊन अडवता?"

"एकट्यालेच खेळायचं असंल तर घरी भिंत हाये ना!"

बाप पोराला ओढत घेऊन गेला. मला वाटलं, ती हाक मारेल. तिनं चेंडू त्या पोरीकडे ढकलला.

"डोळे उघड वं. उद्या गोल तुलेच मारा लागते."