बरगडीतला पायगुण

सासूबाईंचा खोकला अडुळशाच्या काढ्यालाही दाद देईना, म्हणून पेणला छातीचा स्कॅन केला. फुप्फुसं ठीक निघाली, पण उजव्या बरगड्यांवर एका ठिकाणी हाड जाड झालेलं दिसलं. ते शोधायला कुणी गेलंच नव्हतं.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवून समजावलं. मोडलेलं हाड जुळून आलं की असं दिसतं. कधी ते जन्मापासूनच असतं, कधी जुन्या जंतुसंसर्गाची खूण असते. आणि कधी दुसरीकडचा कॅन्सर हाडात उतरलेला असतो. "आजी, कधी पडलात? मार लागला होता?"

"नाय," त्या म्हणाल्या. आधी माझ्याकडे बघून मग म्हणाल्या, पण तेव्हा मी घाबरलेली होते, त्या बघण्याचा अर्थ कळला नाही.

मग सुई घालून तुकडा तपासायचा, असं ठरलं. एसटी स्टँडवर मला रडूच कोसळलं. आमचं फार गूळपीठ होतं अशातला भाग नाही. लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा उंबऱ्यात मला आत्तेसासूंनी ओवाळलं. सासूबाई हात अंगाशी आवळून, तोंड फिरवून भिंतीला टेकून उभ्या होत्या. आपण यांना पसंत नाही, हे मी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं. पुढे सणवार, बाळंतपणं सगळं रीतसर झालं. माया तेवढी राहून गेली.

"रडू नको गो," त्या म्हणाल्या. "पडलेली मी. तू आलीस त्याच दिवशी. तू ओलांडायचं माप तांदळानं भरून आणताना मागच्या पायरीवरून घसरले नि जात्यावर आदळले. हातच वर होईना, ओवाळणार कशी?"

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"बोलून? पांढऱ्या पायाची आली म्हणाले असते तुला. आज डॉक्टरांना पण तुझ्यासमोर कसं सांगू?"

मला असला संताप आला! त्यांचा, माझा, पायगुण काढणाऱ्या समस्त बायकांचा. तशीच त्यांना हाताला धरून परत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी स्कॅन पुन्हा निरखला. जुना मोड जुळल्याचंच दिसतंय, म्हणाले. सुई आता नको, काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढून बघू.

परतीच्या एसटीत नागोठणं मागे पडलं. मी म्हटलं, "आई, निदान नंतर तरी मला सांगायचं होतं."

"सांगणार होते," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पण तू कधी जवळ बसलीच नाय."