धुतलेल्या जिपा

आमच्या घरात मूल नव्हतं आणि खेळण्यातल्या जिपा फळीभर होत्या. शेजारणींना बोलायचं असलं की तोंडावर बोलायच्या, त्यामुळे राग धरण्यात अर्थ नव्हता. एकीनं विचारलं होतं, "बारसं कव्हय शे वं जीपनं?" मी म्हटलं, आहेराला टायर घेऊन ये, मग सांगते.

नवरा सरकारी खात्यात ड्रायव्हर होता. साहेबांना घेऊन नंदुरबारहून धडगावला घाट चढायचा. साठ-एकसष्टच्या सुमाराला त्या वाटेला रस्ता म्हणायला मन मोठं लागायचं. जिपा तो सारंगखेड्याच्या यात्रेतून आणायचा, नाहीतर सुरतेहून येणाऱ्या फेरीवाल्याकडून. रंगीत पत्र्याच्या, चाकं आसाला घट्ट बसवलेली. घरी आणली की पहिल्यांदा तिची चाकं उपटायची. "ही घाटात पहिल्याच वळणावर झोपेल," म्हणायचा. मग छत्रीच्या काडीचा नवा आस, जुन्या चपलेच्या रबराचे टायर आणि त्यांवर ब्लेडनं कोरलेल्या खाचा. मोडक्या घड्याळाच्या स्प्रिंगेचे तुकडे एकावर एक ठेवून पाटे करायचा, म्हणजे दगडावरून नेताना जीप खऱ्या जिपेसारखी अंग वाकवायची. मागचा हौदा पुठ्ठ्याचा, डिंकानं चिकटवलेला, वरून रंग. टप मी शिवून द्यायचे, त्याच्या फाटक्या खाकी चड्डीचा. मला त्यात फार रस होता असं नाही. पण टपाची शिवण सरळ आली नाही तर मला चैन पडायचं नाही.

एका श्रावणात घाटात जीप कलंडली. साहेब गाडीत नव्हते, एवढं बरं. याचा उजवा हात टपाच्या लोखंडी दांड्याखाली सापडला. चिंचपाड्याच्या दवाखान्यात हाड जुळलं, पण बोटं आखडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बोटांना रोज बारीक काम द्या. एकदा ती तशीच घट्ट झाली की मग कुणाच्या हातात काही नाही. खात्यानं दिवाळीनंतर गाडी चालवून दाखवायला सांगितलं होतं. घाटात डावा हात गिअरवर असतो, स्टिअरिंगचा सगळा भार उजव्यावर. ते जमलं नाही तर चावी दुसऱ्याकडे जाणार होती. आणि गाडीशिवाय हा माणूस काय करेल, हे मला सुचत नव्हतं. त्यालाही नसावं.

बारीक काम घरात होतंच. त्यानं साऱ्या जिपा खाली काढल्या आणि एकेकीचा हौदा नव्यानं बांधायला घेतला. कानस उजव्या हातात धरायची, घाम फुटेस्तोवर. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांजवळ येऊ लागली. मी मोजमाप करत नव्हते, पण भाद्रपद सरताना त्यानं त्या हातानं चहाची बशी उचलली, आणि मी पाहिलं नाही असं दाखवलं.

खंडेनवमीला कचेरीत गाड्या धुऊन झेंडूचे हार घालत. दरवर्षी जीप तोच धुवायचा. त्या वर्षी त्याला बोलावणं आलं नाही. सासूबाईंच्या मनाला ते लागलं. माझ्या पोराच्या गाड्यांचीही पूजा व्हायला हवी, असं त्यांनी ठरवलं आणि कुणाला न विचारता पहाटे सगळ्या जिपा घंगाळात बुडवल्या. पितळेच्या भांड्यांना लावतात तशी चिंच आणि राख लावून घासल्या. मी दारात गेले तेव्हा पाण्यावर पुठ्ठ्याचा लगदा तरंगत होता. रंग उतरला होता, डिंक सुटला होता. पाटावर पत्र्याचे सांगाडे ओळीनं मांडलेले आणि प्रत्येकावर एकेक झेंडू.

"देख, कशा चकचकीत व्हयनात," सासूबाई म्हणाल्या.

तो बाहेर आला. त्यानं पाहिलं. "बरं करं, माय," एवढं म्हणाला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

त्यानंतर त्यानं कानस हातात धरली नाही. मी मोहाच्या तेलानं हात चोळायचे, तर तो मेलेल्या माशासारखा माझ्या मांडीवर पडून राहायचा. कणकेचा गोळा दिला, तो तसाच वाळला. शेजारून मिरच्यांचं पोतं आणून म्हटलं, देठं खुडा, तेही बारीक कामच आहे. ते बायकांचं काम, म्हणाला. मी भांडले. खाणं बंद करीन म्हणून धमकी दिली आणि तासाभरात ताट वाढलं. सासूबाई कोपऱ्यात बसून स्वतःला शिव्या द्यायच्या; त्याही मलाच थांबवाव्या लागायच्या. मुठीतली बोटं पुन्हा आत वळू लागली होती. दिवाळी तोंडावर आली, गल्लीत लोक सारवणाला लागले आणि मी त्या बोटांकडे बघत होते.

शेवटी मीच सांगाडे घेऊन त्याच्यासमोर बसले. पुठ्ठा कापला, वाकडा. आस बसवला, तिरका. पाटे मुद्दाम उलटे लावले, कमान वर करून. त्यानं मान फिरवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, पुन्हा उलटे लावले. दोन पाटे मोडले. मी ते तसेच तारेनं बांधले.

"पाटा उलटा शे," तो म्हणाला.

मी ऐकू न आल्यासारखं करून दुसराही तसाच लावला. तो उठून बसला. माझ्या हातातून जीप ओढून घेतली, पाटा काढला, फिरवला, बसवला. मग कानस मागितली. सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "बसना वं, मन्हा पोर बसना."

बसला होता. पण सगळं डाव्या हातानं करत होता, आणि चांगलं करत होता. जीप त्यानं गुडघ्यांत दाबून धरली होती. उजवा हात शेजारी सतरंजीवर होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मी कानस काढून घेतली आणि त्याच्या उजव्या हातात दिली. ती पडली. मी परत दिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, काहीच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, आज तरी राहू दे.

"उजवा," मी म्हटलं, त्याची बोटं एकेक करून कानशीवर वळवली आणि वरून माझी मूठ आवळून धरली.